चार दिवसांची मुदत: दांडिया बाजारातली डीव्हीडी लायब्ररी

बडोद्याच्या दांडिया बाजारात रोज जाणं-येणं असलेल्या लोकांनी पण ही जागा बघितलेली नसते. मी स्वतः पाच वर्षं त्याच रस्त्याने क्लासला जात होते. खाली भांड्यांचं दुकान, बाजूला अंधारा लाकडी जिना, जिन्यापाशी पत्र्याची पाटी आणि तिच्यावर अजूनही "व्हिडिओ कॅसेट भाड्याने मिळतील" असं एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला गुजरातीत रंगवलेलं. कॅसेटी कधीच गेल्या, आता वर डीव्हीडी आहेत. दुकानाला नाव असं काही नाहीये, सगळे नुसतं काकांची लायब्ररी म्हणतात त्यामुळे मी पण तेच लिहितेय. मला मेंबर होऊन दीड वर्ष झालं, साठच्या वर सिनेमे झाले, त्यातले जवळजवळ सगळे परदेशी आणि जुने, कितीतरी तर माझी आजी लग्न होऊन बडोद्याला आली त्याच्याही आधीचे, आणि मी बावीस वर्षांची आहे, म्हणजे ज्यांना वाटतं की हे सगळं रिटायर झालेल्या लोकांचं काम आहे त्यांनी जरा पुढे वाचा.

आधी व्यवहाराचं सांगून टाकते. डिपॉझिट ५०० रुपये, मेंबरशिप सोडताना परत मिळतं. एका सिनेमाला ३० रुपये, चार दिवस, दोन डिस्कचा असला तरी एकाचेच पैसे. उशीर झाला तर दिवसाला १० रुपये आणि ते काका अजिबात सोडत नाहीत, ओळख असो नाहीतर नातं असो. वेळ संध्याकाळी पाच ते साडेआठ, सोमवारी बंद. आता लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते, तर त्यासाठी त्यांच्याकडे यूएसबीने जोडायचे तीन-चार ड्राइव्ह आहेत, ते ७०० रुपये डिपॉझिटवर घरी नेता येतात, वेगळं भाडं नाही. मी पहिले दोन महिने तसाच नेला आणि मग स्वतःचा घेतला.

मी तिथे पहिल्यांदा गेले ते सिनेमासाठी नाहीच. धाकट्या भावाच्या मुंजीची डीव्हीडी होती, घरातला प्लेयर केव्हाच भंगारात गेलेला आणि आजीला मुंज परत बघायची होती, कोणीतरी म्हणालं की काका डिस्कवरून पेनड्राइव्हवर घेऊन देतात. काका म्हणाले, "अर्धा तास लागेल, बस." त्यांच्या टेबलामागे एक छोटा टीव्ही आहे, तो कायम चालू असतो, त्याच्यावर एका खोलीत बारा माणसं घामाघूम होऊन भांडत होती. मला गोष्ट ओळखीची वाटायला लागली, कारण बाबांबरोबर मी "एक रुका हुआ फैसला" बघितला होता, १९८६ चा, बासू चटर्जींचा, आणि मी समजत होते की ही गोष्ट आपल्याकडचीच. काकांना विचारलं तर म्हणाले, "अगं हा त्याच्या कितीतरी आधीचा, १९५७ चा. ट्वेल्व्ह अँग्री मेन."

गोष्ट साधीच आहे, एका पोरावर बापाच्या खुनाचा आरोप, बारा ज्युरींनी, म्हणजे कोर्टाने निकालासाठी बसवलेल्या साध्या नागरिकांनी, एकमताने निकाल द्यायचा, अकरा जण म्हणतात दोषी आणि एकच माणूस म्हणतो थांबा, बोलू या. खोलीतला पंखा चालत नाही, बाहेर भयंकर उकाडा, खिडकी जोर लावून उघडावी लागते. पेनड्राइव्ह कधीचा तयार झाला होता आणि मी टेबलाला धरून उभीच. तेव्हा काकांनी एक गोष्ट दाखवली ज्याने माझं सिनेमा बघणंच बदललं. ते म्हणाले, खोलीचं छत दिसतंय का बघ. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या वरून बघतो, मग डोळ्यांच्या रेषेत येतो, शेवटी शेवटी खालून बघायला लागतो, म्हणून छत दिसायला लागतं, आणि लेन्स पण अशा बदलत नेल्यात की भिंती जवळ जवळ आल्यासारख्या वाटतात. म्हणजे मला जे गुदमरल्यासारखं होत होतं ते कोणीतरी ठरवून, मोजून केलेलं होतं! आणि ते करणारा दिग्दर्शक सिडनी ल्युमेट तेव्हा ३२ वर्षांचा, त्याचा पहिलाच सिनेमा. हे वय मला फार लागलं. कारण जुना सिनेमा म्हटला की डोळ्यांसमोर म्हातारा माणूस येतो. तो सिनेमा आता जुना झालाय, पण करणारे तेव्हा माझ्या मामेभावाच्या वयाचे होते. नंतर फ्रेंच "द ४०० ब्लोज" बघितला, १९५९ चा, शाळा बुडवणाऱ्या, आईबापाच्या घरात नकोसा झालेल्या मुलाचा, तो आला तेव्हा दिग्दर्शक त्रुफो फक्त २७ वर्षांचा होता. हे कळल्यापासून मी आता कुठलाही सिनेमा नेला की आधी दिग्दर्शकाचं त्या वर्षीचं वय काढते, सवयच लागलीये.

त्या दिवशी काका म्हणाले, "अर्धा उभ्याने झालाय, उरलेला घरी ने, बुधवारपर्यंत." मी मेंबर झाले.

आता खरा मुद्दा. हे सिनेमे शोधले तर ऑनलाइन पण मिळतात, मग तीस रुपये देऊन, जिना चढून डिस्क कशाला आणायची असं मला माझ्या सगळ्या मैत्रिणी विचारतात. मी पण आधी प्रयत्न केला होता ना. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना "हे सिनेमे बघायलाच हवेत" अशी एक यादी कुठूनतरी हाती लागली, त्यात पहिल्या पाचात "टोकियो स्टोरी" होता, जपानी, १९५३ चा. फोनवर लावला, दहा मिनिटं एक म्हातारा-म्हातारी बॅग भरतायत, कोणीतरी खिडकीतून डोकावून बोलून गेलं, बस, बंद केला, उद्या बघू म्हटलं. तो उद्या दोन वर्षं आलाच नाही. फोनवरचा सिनेमा उद्या पण असणार आहे, परवा पण असणार आहे, त्यामुळे तो आज बघितला जातच नाही. काकांची डिस्क मात्र टेबलावर पडलेली असते, आई झाडताना उचलून विचारते ही परत कधी द्यायचीये, पैसे भरलेले असतात, चार दिवसांपैकी दोन गेलेले असतात, मग रात्री जेवणं झाली की बसावंच लागतं. आणि एकदा बसलं आणि पहिली वीस मिनिटं गेली की मग कोणी बसवावं लागत नाही. ती वीस मिनिटं पार करून देणारी एकच गोष्ट मला आजवर सापडलीये आणि ती म्हणजे परत करायची तारीख.

प्रत्येक डिस्कच्या खोक्यात एक चिठ्ठी असते. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकामागे तारखांचे शिक्के असतात तशीच, काका म्हणतात ती आयडिया तिथूनच घेतली, लहानपणी ते तिथे पडीक असायचे. (सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून ती लायब्ररीची सगळी व्यवस्था उभी केली, हे मला काकांकडूनच कळलं, शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.) चिठ्ठीवर तारीख आणि मेंबर नंबर. "टोकियो स्टोरी"च्या चिठ्ठीवर सगळ्या मिळून चारच तारखा होत्या, शेवटची २०१८ ची, त्याच्याखाली माझी. मला फार विचित्र वाटलं ते बघून, चांगल्या अर्थाने, की या गावात चार माणसांनी हे माझ्याआधी घरी नेऊन बघितलंय आणि ती कोण आहेत मला माहीत नाही. खोक्याच्या कडेला काकांनी स्वतःच्या अक्षरात मराठी नावं चिकटवलीत, "बारा जण", "सायकलचोर", "सात सामुराई", "मित्राचं घर कुठे". चोपडीत पण हीच नावं. त्यामुळे तिथे इंग्लिश नाव सांगितलं की काका आधी मनात मराठी करतात मग उठतात.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रम. काका मागाल ते देतील पण तुम्ही नवीन असाल तर "आधी हा ने" म्हणतात आणि त्यांचं ऐकावं असं मी अगदी मनापासून सांगते. मी दुसऱ्याच आठवड्यात "टोकियो स्टोरी" मागितला, तर म्हणाले, "देतो, पण अजून नको, सायकलचोर ने."

"बायसिकल थीव्ज" १९४८ चा, इटालियन, दिग्दर्शक व्हित्तोरियो द सिका. युद्धानंतरचं रोम, कामधंदा नाही, एका माणसाला भिंतीवर पोस्टर चिकटवायची नोकरी मिळते पण अट अशी की स्वतःची सायकल हवी, आणि त्याची सायकल गहाण पडलेली. मग त्याची बायको काय करते तर पलंगावरच्या चादरी काढते, धुते आणि त्या गहाण टाकायला घेऊन जाते. इथपर्यंत ठीक आहे, आपल्या सिनेमात पण असं खूप बघितलंय. पण मग गहाणाच्या ऑफिसातला माणूस ते गाठोडं घेऊन आत जातो आणि कॅमेरा त्याच्या मागे बघत राहतो, आत मांडण्या आहेत, छतापर्यंत, आणि सगळ्या मांडण्या चादरींच्या गाठोड्यांनी भरलेल्या, तो माणूस त्या मांडणीवर चढत चढत पार वर जातो आणि यांचं गाठोडं तिथे कोंबतो. कोणी एक शब्द बोलत नाही. माझ्या घशात आवंढा आला, मी सिनेमा थांबवला, तो भाग परत लावला, आणि त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की एका घराची गोष्ट सांगता सांगता अख्ख्या शहराची सांगतात म्हणजे काय.

त्या माणसाचं, म्हणजे बापाचं, काम करणारा नट नव्हताच, कारखान्यातला कामगार होता, आणि त्याच्या लहान मुलाचं, ब्रूनोचं, काम करणारा पण असाच साधा मुलगा. अमेरिकेतला एक मोठा निर्माता पैसे घालायला तयार होता पण त्याला त्या कामगाराच्या जागी हॉलिवूडचा स्टार कॅरी ग्रांट हवा होता, द सिकाने ते मानलं नाही. बरं झालं! तो चेहरा बघा एकदा, चालताना खांदे बघा. आणि ब्रूनो बापाच्या मागे मागे पळतो, दोन पावलं चालतो आणि चार पळतो, ते बघून मला मंगळबाजारात बाबांच्या मागे पळणारा माझा भाऊ दिसत होता. शेवट सांगत नाही. शेवटानंतर मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये खाली सायकली लावलेल्या, एवढंच सांगते.

परत करायला गेले तेव्हा काका म्हणाले, मुंबईला १९५२ साली पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला त्यात हा दाखवलेला, तो बघून बिमल रॉय हलून गेले आणि पुढच्या वर्षी "दो बिघा जमीन" आला. सत्यजित रायांनी तर तो १९५० मध्येच लंडनला बघितला होता, "पाथेर पांचाली" १९५५ चा. म्हणजे आपण ज्यांना आपले मोठे म्हणतो ते पण कधीतरी माझ्यासारखेच एक परदेशी सिनेमा बघून अस्वस्थ होऊन घरी गेले होते. आणि सगळ्यात पहिला तर आपला फाळकेच की. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले, ही गोष्ट इथल्या किती मराठी मुलांना माहीत आहे मला शंका आहे, मी रोज त्या भागातून ॲक्टिव्हा दामटत जायचे आणि मला माहीत नव्हती. त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट बघितला, विदेशी, परत जाऊन बायकोला पण घेऊन बघितला, आणि त्यातून १९१३ चा "राजा हरिश्चंद्र" झाला. त्याच्यासाठी लंडनला जायला विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या होत्या. गहाण शब्द ऐकला आणि मला त्या चादरीच आठवल्या.

मध्येच एक फार कामाची गोष्ट, टीव्हीवर बघणार असाल तर. यातले बरेच जुने सिनेमे चौकोनी असतात, म्हणजे आताच्या रुंद टीव्हीवर डावीकडे-उजवीकडे काळ्या पट्ट्या येतात आणि त्या यायलाच हव्यात. आमच्याकडे बाबांनी सेटिंगमध्ये चित्र ताणून ठेवलेलं, टीव्हीचे पैसे पूर्ण वसूल व्हावेत म्हणून, तर सगळी माणसं बुटकी आणि गालफुगी दिसत होती आणि मला दोन सिनेमे होईपर्यंत वाटत होतं की जुन्या काळात लोक असेच असावेत. काकांना सांगितलं तर त्यांनी लगेच कागदावर लिहून दिलं, रिमोटवरचं कुठलं बटण आणि ४:३, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण, कुठे सापडेल ते. एवढं केलं की चेहरे एकदम माणसांचे होतात. सबटायटल्सचं पण, पहिल्या दोन-तीन सिनेमांना मला वाचता वाचता चित्र निसटत होतं, आठवड्याभरात डोळ्यांना सवय होते, घाबरू नका.

"मित्राचं घर कुठे", म्हणजे इराणी, अब्बास किआरोस्तामीचा, १९८७ चा, हा मी भावाबरोबर बघितला, तो सातवीत आहे. एका मुलाकडे चुकून शेजारच्या मित्राची वही येते, दोघांच्या वह्या दिसायला सारख्या, आणि मास्तरांनी बजावलेलं की परत वहीत गृहपाठ केला नाहीस तर शाळेतून काढणार. म्हणून हा मुलगा वही द्यायला दुसऱ्या गावाला पळत जातो, आणि घर सापडत नाही. झालं, एवढीच गोष्ट. मोठी माणसं त्याचं ऐकूनच घेत नाहीत. आजोबा त्याला सिगारेट आणायला पाठवतात आणि तो गेल्यावर शेजारच्याला सांगतात की माझ्याकडे आहेत, पण मुलांना ऐकायची सवय लागायला हवी. भाऊ एकदम म्हणाला, "ताई, हे तर आपले जोशी सर!" (नाव बदललंय.) आणि मग एक मजा झाली. तो मुलगा सारखं "दफ्तर, दफ्तर" म्हणतो. भाऊ म्हणाला दफ्तर कुठे आहे, हातात तर वही आहे. तर फारसीत वहीलाच दफ्तर म्हणतात, आपल्याकडे येता येता त्याची पिशवी झाली! सिनेमाच्या फारसी नावात पण "खाने" आणि "दोस्त" आहे, दवाखान्यातला खाना, म्हणजे घर. त्यानंतर अर्धा सिनेमा भाऊ सबटायटल सोडून कान देऊन शब्द पकडत बसला होता. परदेशी परदेशी म्हणतो आपण, पण तो टेकडीवरचा नागमोडी रस्ता सोडला तर मला त्यात फार काही परकं दिसलं नाही.

आता तक्रार पण सांगते, कारण सगळं गोड गोड लिहिलं तर खोटं होईल. डिस्क जुन्या आहेत. "सेव्हन सामुराई" नेला होता, १९५४ चा, कुरोसावाचा, २०७ मिनिटं, दोन डिस्क, मी दोन रात्रींत वाटून घेतला. पहिली रात्र अप्रतिम, गरीब शेतकरी, दर वर्षी दरोडेखोर येऊन पीक लुटणार, आणि यांच्याकडे लढवय्यांना द्यायला पैसे नाहीत, फक्त पोटभर भात. तो भात कोणाच्या तोंडचा आहे हे कळतं तेव्हा त्या लढवय्यांच्या म्होरक्याचा चेहरा बघा. दुसऱ्या रात्री, पावसातली शेवटची लढाई, चिखल, घोडे, आणि चित्राचे चौकोन चौकोन होऊन सगळं थांबलं. पुसली, परत घातली, नाही म्हणजे नाही. मी रडकुंडीला आले होते, खरंच. काकांनी ऐकून घेतलं, पैसे परत दिले, दुसरी प्रत शोधतो म्हणाले, ती यायला सव्वा महिना लागला. सव्वा महिना मी ती लढाई डोक्यात घेऊन फिरत होते! देताना त्यांनी एकदा चालवून बघायला हवी होती, विशेषतः जे सिनेमे वर्षानुवर्षं बाहेर गेलेले नाहीत ते. आता मी स्वतःच तिथल्या टीव्हीवर सुरुवात, मधलं आणि शेवट दहा-दहा सेकंद लावून बघते मगच नेते, तुम्ही पण तसंच करा, ते नाही म्हणत नाहीत.

शनिवारी काकांचा पुतण्या बसतो, स्वभावाने चांगला आहे पण त्याला सिनेमातलं काही माहीत नाही आणि दोनदा मला खोक्यात भलतीच डिस्क मिळाली. काही स्वस्त डिस्कवर सबटायटल्स पांढरी आणि मागे बर्फ नाहीतर पांढरा शर्ट, काही दिसत नाही. रशियन कपाटात फार कमी आहे, दक्षिण अमेरिकेचं तर काहीच नाही. यादी छापलेली नाही, सगळं काकांच्या डोक्यात आणि चोपडीत. पार्किंगचं मी बोलतच नाही, दांडिया बाजार आहे, गाडी लांब लावा आणि चालत या. जिन्यात दिवा नव्हता, एकटी मुलगी संध्याकाळी साडेसातला त्या जिन्यातून उतरणार असेल तर दिवा पाहिजेच, हे मी काकांना स्पष्ट सांगितलं आणि पुढच्या वेळी गेले तर बल्ब लागलेला होता. हे मला फार आवडलं.

"टोकियो स्टोरी" मला पाचव्या महिन्यात मिळाला, काकांनी स्वतःहून काढून ठेवलेला. मे महिना, बडोद्याचा उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको. आणि काय योगायोग, त्या सिनेमात पण उन्हाळाच आहे, जो तो हातपंख्याने वारा घेतोय, बोलता बोलता, जेवता जेवता. दिग्दर्शक ओझूचा कॅमेरा एकदम खाली असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या उंचीला, आपण पाटावर बसून समोरच्या पंगतीकडे बघावं तसं. तीच पहिली दहा मिनिटं, तीच बॅग भरणं, आणि या वेळी मला ते दोघं इतके आवडले की बॅग भरून होऊच नये असं वाटत होतं. हवेची उशी कोणाकडे दिली यावरून त्यांचं चाललंय, तू घेतलीस, नाही तुमच्याकडे दिली, आणि ती त्यांच्याच सामानात सापडते. फोनवर बघताना मला वाटलं होतं काहीच घडत नाहीये.

आई स्वयंपाकघराच्या दारात पापडी निवडत बसली होती. तिला सबटायटल्स तेवढ्या वेगात वाचता येत नाहीत, म्हणाली मोठ्याने वाच की. मग मी मराठीत सांगायला लागले, म्हणजे इंग्लिश वाचायचं आणि आईला मराठीत म्हणायचं, असं सव्वादोन तास. म्हातारा-म्हातारी गावाहून मुलांकडे टोकियोला येतात. मुलगा डॉक्टर, फिरायला न्यायच्या दिवशीच पेशंट येतो. मुलीचं पार्लर, तिचा नवरा सासू-सासऱ्यांसाठी केक घेऊन येतो तर ती म्हणते एवढं महाग कशाला आणायचं. मुलं वाईट नाहीत हो, हेच तर आहे, त्यांना खरंच वेळ नाही. आणि युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको, एका खोलीत राहते, नोकरी करते, ती रजा काढून त्यांना शहर दाखवते, मग आपल्या खोलीवर आणते. त्या खोलीत द्यायला काही नाही, तर ती शेजारणीकडे जाते आणि मद्य आणि त्याचं भांडं दोन्ही मागून आणते सासऱ्यांसाठी. मी हे भराभर सांगून पुढे गेले होते. आई म्हणाली, "थांब थांब. भांडं पण मागून आणलं का तिने? मागे घे जरा." मी मागे घेतलं. आईने पापडीची परडी खाली ठेवली आणि ते परत बघितलं, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. मी साठ सिनेमे बघणारी, मला ते भांडं दिसलं नव्हतं, आईला दिसलं.

शेवटी मला वाचताच येईना, आवाज जायला लागला, तर आई म्हणाली राहू दे, कळतंय. आणि खरंच तिला कळत होतं, जपानी येत नाही, इंग्लिश वाचत नाही, तरी. म्हातारीचा नवरा झालेला चिशू र्‍यू तेव्हा फक्त ४९ वर्षांचा होता हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिचा विश्वासच बसला नाही, म्हणाली बसायची पद्धत तर नानांसारखी होती.

माझी एक गुजराती मैत्रीण माझ्यामुळे मेंबर झाली, तिने पहिल्याच दिवशी हट्टाने हाच नेला आणि दुसऱ्या दिवशी फोन, "यार, आ तो बहु धीमी छे!" म्हणून म्हणतेय क्रम पाळा. तिला मग काकांनी "बारा जण" दिला, मग "सायकलचोर", आता तिचं कुरोसावा चाललंय आणि आम्ही डिस्क परत करून आल्यावर सेव-उसळ खात खात वाद घालतो. "राशोमोन"वर तर दोन आठवडे चाललं होतं, चार माणसं एकच घटना चार तऱ्हेने सांगतात, ती लाकूडतोड्याच्या बाजूने, मी कोणाच्याच नाही. १९५१ मध्ये व्हेनिसला त्याला सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं होतं, पण आमचं भांडण बक्षिसावर नाही, तो लाकूडतोड्या खंजिराबद्दल खरं बोलला की नाही यावर आहे.

मार्क द्यायचे तर सिनेमांच्या निवडीला पाचपैकी पाच, डिस्कच्या अवस्थेला तीन, काकांना मार्क देणारी मी कोण. पहिल्यांदा जात असाल तर शनिवार सोडून जा, साडेपाचच्या सुमाराला, तेव्हा गर्दी नसते आणि काका बोलायला मोकळे असतात. आधी काय काय आवडलंय ते सांगा, अगदी मसाला सिनेमा आवडत असेल तर तो पण सांगा, लाजू नका, त्यावरूनच ते ठरवतात. ओळखपत्राची झेरॉक्स लागते, ती खालीच करून मिळते.

"इकिरू", कुरोसावाचाच, आत्ता माझ्याकडे आहे, बुधवारपर्यंत. चिठ्ठीवर माझ्याआधी सहा तारखा आहेत. ज्यांना हवा असेल त्यांनी गुरुवारी जा.